इन्स्टॉलर : पूर्वतयारी आणि जपणूक

ज्या नियतकालिकात काव्य, नाटक, इतिहास यांची चर्चा व्हावयाची, त्यात सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, आज कोशांच्या चिठ्ठ्या, हस्तलिखितांच्या सूची आणि बोलींच्या नोंदी कपाटातून संगणकात गेल्या आहेत. कपाट पन्नास वर्षे तेच राहते. संगणकातला प्रोग्राम मात्र वर्षा-दोन वर्षांनी नवा येतो. जुना जाऊन नवा येण्याच्या त्या थोड्या क्षणांत आपल्या कामाचे आणि आपण लावलेल्या घडीचे काय होते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञाचा नाही. अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

आमच्या मराठी विभागातील काही विद्यार्थी आपापल्या गावाकडचे बोलीतील शब्द गोळा करीत असतात. या नोंदी ठेवण्यासाठी विंडोजवर चालणारा एक लहानसा प्रोग्राम मी लिहिला. प्रोग्राम लिहिताना करावा लागला त्याहून अधिक विचार त्याचा इन्स्टॉलर बनवताना करावा लागला. त्या निमित्ताने जो अभ्यास झाला तो प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. परिभाषा जेथे टाळता आली तेथे टाळली आहे. जेथे टाळता आली नाही तेथे तिचा अर्थ दिला आहे.

इन्स्टॉलर म्हणजे काय?

प्रोग्राम म्हणजे एक फाइल नव्हे. त्यात अनेक फाइली असतात, काही इतरांशी सामाईक असतात, काही नोंदी विंडोजच्या ‘रजिस्ट्री’ नावाच्या मध्यवर्ती वहीत करावयाच्या असतात, आणि पुढे प्रोग्राम काढून टाकावयाचा झाल्यास काय काय काढायचे याची यादीही ठेवावयाची असते. ही सर्व कामे ठरलेल्या क्रमाने करणारा जो स्वतंत्र प्रोग्राम, तो इन्स्टॉलर. नव्या बिऱ्हाडाचे सामान लावून देणाऱ्या माणसासारखे त्याचे काम आहे. फरक एवढाच की, हे घर दुसऱ्याचे असते आणि त्यात आधीपासून माणसे राहात असतात.

या मुद्द्याचा पूर्वीच्या इन्स्टॉलरांना पुष्कळदा विसर पडे. १९९० नंतरच्या दशकात विंडोजवरील अनेक प्रोग्राम सामाईक फाइली एकाच फोल्डरात टाकीत. एका प्रोग्रामचा इन्स्टॉलर आपल्याबरोबर आणलेली जुनी फाइल तेथील नव्या फाइलीवर बेलाशक ठेवून देई, आणि दुसराच एखादा प्रोग्राम बंद पडे. या दुरवस्थेला तंत्रज्ञांनी ‘डीएलएल हेल’, म्हणजे सामाईक फाइलींचा नरक, असे नाव दिले होते. मायक्रोसॉफ्टने १९९९ साली ऑफिस २००० बरोबर ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही यंत्रणा आणली. तिच्यात इन्स्टॉलर लिहिणारा ‘हे कर, मग ते कर’ अशा आज्ञा मुख्यतः देत नाही. कोणती फाइल कोठे असावी याची कोष्टके भरून देतो आणि काम यंत्रणा करते. मध्येच काही बिघडले तर केलेले बदल मागे घेऊन संगणक पूर्वस्थितीला आणण्याची सोयही तिच्यात आहे. ही कोष्टके भरणे सोपे करणारी ‘विक्स’ नावाची साधने मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. माझा इन्स्टॉलर मी त्याच साधनांनी बनवला.

इन्स्टॉलरला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. येण्यापूर्वी : मला जे लागते ते येथे आहे काय? आणि आल्यानंतर : येथे जे आहे त्यातले माझे कोणते आणि घरधन्याचे कोणते? पहिला प्रश्न पूर्वगरजांचा, दुसरा जपणुकीचा. आता क्रमाने दोन्ही पाहू.

पूर्वगरजांची साखळी

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. बहुतेक प्रोग्राम दुसऱ्या कोणत्या तरी सॉफ्टवेअरच्या आधारावर उभे असतात. तो आधार म्हणजे पूर्वगरज. मराठी लिहिणाऱ्यांना याचे एक उदाहरण चांगले आठवत असेल. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी लागणाऱ्या फाइली आपोआप बसत नसत. भाषाविषयक सेटिंगांत जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि पुष्कळदा विंडोजची मूळ सीडी घालावी लागे. ते केले नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत. अशा संगणकावर मराठी प्रोग्राम कितीही उत्तम असला तरी वाचणाऱ्याला तो चुकीचाच वाटणार. दोष प्रोग्रामचा नव्हता. आड कोरडा होता. विंडोज व्हिस्टापासून त्या फाइली मुळातच बसू लागल्या आणि ही पूर्वगरज नाहीशी झाली.

माझ्या प्रोग्रामची पूर्वगरज ‘डॉट नेट फ्रेमवर्क ४.८’ ही आहे. मे २०१९ च्या विंडोज १० मध्ये व त्यानंतरच्या विंडोजमध्ये ती आधीच असते. परंतु जुन्या संगणकांवर विंडोज ७ असेल तर ती बाहेरून घालावी लागते. आणि ती बसण्यासाठी विंडोज ७ चा ‘सर्व्हिस पॅक १’ आधी असावा लागतो. म्हणजे पूर्वगरजेलाही पूर्वगरज असते. ही साखळी शेवटच्या कडीपर्यंत कागदावर लिहून काढणे हे इन्स्टॉलर बनवणाऱ्याचे पहिले काम होय.

दुसरे काम ओळखण्याचे. डॉट नेट आहे की नाही हे कसे कळावे? फोल्डर दिसला म्हणजे ती आहे असे मानणे धोक्याचे, कारण अर्धवट काढलेल्या सॉफ्टवेअरचेही फोल्डर मागे राहतात. योग्य रीत अशी की, ज्याने ते बनवले त्याने जी खूण सांगितली असेल तीच पाहावी. डॉट नेटच्या बाबतीत रजिस्ट्रीत ‘रिलीज’ नावाची एक संख्या असते. ४.८ या एकाच आवृत्तीसाठी ती मे २०१९ च्या विंडोज १० वर ५२८०४०, मे २०२० च्या व नंतरच्या विंडोज १० वर ५२८३७२, विंडोज ११ वर ५२८४४९ आणि इतर जुन्या विंडोजवर ५२८०४९ अशी निरनिराळी आढळते. म्हणून ‘संख्या ५२८०४० इतकीच आहे काय?’ असे विचारले तर पुष्कळशा सुस्थितीतील संगणकांवर इन्स्टॉलर उगाचच नाही म्हणेल. विचारावयाचे ते असे : ‘संख्या किमान ५२८०४० आहे काय?’ पुढे ४.८.१ आली, तिची संख्या याहून मोठी आहे. तिलाही हा प्रश्न पुरतो. ‘इतके’ आणि ‘किमान इतके’ या दोन शब्दप्रयोगांतील अंतर किती महत्त्वाचे असते ते येथे दिसून येईल.

तिसरा मुद्दा क्रमाचा. कोणासही वाटेल की, माझ्या इन्स्टॉलरनेच आपल्या पोटात डॉट नेटचा इन्स्टॉलर चालवावा. विंडोज इन्स्टॉलर हे होऊ देत नाही. प्रत्यक्ष बदल करण्याचे काम एका वेळी एकच इन्स्टॉलर करू शकतो. दुसऱ्याने मध्ये शिरण्याचा प्रयत्न केल्यास त्याला १६१८ ही त्रुटी मिळते, तिचा अर्थ ‘दुसरे काम चालू आहे’. हा नियम गैरसोयीचा वाटला तरी योग्य आहे. दोघे एकदम एकाच वहीत खाडाखोड करू लागले तर चूक झाल्यावर कोणाचे काय मागे घ्यावयाचे ते कळणार नाही. यास्तव सर्वांच्या वर एक सूत्रधार लागतो. तो स्वतः फारसे काही बसवीत नाही. आधी सर्व पूर्वगरजा तपासतो, ज्या नाहीत त्या एकामागून एक बसवतो आणि शेवटी मुख्य प्रोग्राम बसवतो. विक्सच्या ३.६ या आवृत्तीत, २०१२ साली, असा सूत्रधार बनवण्याची सोय ‘बर्न’ या नावाने आली.

सूत्रधाराला उत्तरे वाचता आली पाहिजेत. प्रत्येक इन्स्टॉलर काम संपल्यावर एक क्रमांक परत देतो. ० म्हणजे यश. १६०२ म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः काम थांबवले. १६०३ म्हणजे मोठा बिघाड. ३०१० म्हणजे काम यशस्वी झाले, मात्र संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केला पाहिजे. ‘० नाही, अर्थी अपयश’ असे सरसकट मानणारा सूत्रधार ३०१० आल्यावर झालेले काम बिघडले म्हणून जाहीर करतो. त्याच्या उलट, संगणक पुन्हा सुरू न करताच पुढे रेटणारा सूत्रधार अर्ध्या बसलेल्या आधारावर इमला चढवतो. चांगला सूत्रधार पुन्हा सुरू करण्याची परवानगी मागतो, आपण कोठवर आलो ते लिहून ठेवतो आणि संगणक सुरू झाल्यावर तेथूनच पुढे जातो.

आणखी दोन सूचना. पहिली : पूर्वगरज इंटरनेटवरून आणावयाची की इन्स्टॉलरबरोबर द्यावयाची? बरोबर दिल्यास इन्स्टॉलर बोजड होतो. परंतु आमचे शब्दसंग्राहक ज्या गावी सुटीत जातात तेथे इंटरनेट येते-जाते. म्हणून मी शिदोरी बरोबर देणेच पसंत केले. दुसरी : आपला प्रोग्राम काढताना पूर्वगरज काढू नये. ती आपण आणली असली तरी तोपर्यंत इतर कितीतरी प्रोग्राम तिच्यावर विसंबलेले असतात. गावच्या विहिरीला एक दोर आपण दिला, म्हणून गाव सोडताना तो काढून नेणे बरे नव्हे.

सेटिंग म्हणजे काय?

आता दुसऱ्या आणि माझ्या मते अधिक नाजूक प्रश्नाकडे वळू. सेटिंग म्हटले की, पडद्याचा रंग किंवा अक्षराचा आकार एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. गेले तर पुन्हा लावू, त्यात काय मोठेसे, असे वाटते. सर्वच सेटिंगांविषयी हे खरे नाही.

आमच्या प्रोग्राममध्ये संक्षेपांची एक यादी आहे. कोशात असतात त्याप्रमाणे ‘पु.’ म्हणजे पुल्लिंगी, ‘फा.’ म्हणजे फारसी, ‘सं.’ म्हणजे संस्कृत, असे संक्षेप प्रोग्रामबरोबर येतात आणि ज्याला हवे तो ते बदलू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यात शब्द गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला संस्कृतचा संक्षेप फारसा लागत नाही. गावांच्या व तालुक्यांच्या नावांचे संक्षेप मात्र पानोपानी लागतात. समजा, त्याने ‘सं.’ म्हणजे संगमेश्वर असे ठरवून घेतले आणि वर्षभर त्याप्रमाणे नोंदी केल्या. मग प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, आणि तिच्या इन्स्टॉलरने संक्षेपांची यादी पुन्हा मूळची करून टाकली. नोंद एकही गेली नाही, अक्षरही बदलले नाही. तरीही संगमेश्वर तालुक्यातील म्हाताऱ्या बायांच्या तोंडून ऐकलेला प्रत्येक देशी शब्द एका क्षणात संस्कृत ठरला! त्याहून वाईट हे की, हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पडद्यावर सर्व काही व्यवस्थित दिसेल. वर्षानंतर कोणी त्या नोंदींवर प्रबंध लिहील आणि या भागातील बोलीवर संस्कृतचा प्रभाव विलक्षण आहे असा निष्कर्ष काढील.

तात्पर्य, काही सेटिंगा सजावटीच्या असतात आणि काही अर्थाच्या. इन्स्टॉलरला या दोहोंतला भेद कळत नाही व कळणारही नाही. म्हणून वापरणाऱ्याने हात लावलेली प्रत्येक गोष्ट अर्थाची आहे असेच त्याने धरून चालले पाहिजे.

कोणाची वस्तू कोठे?

संगणकावरील प्रोग्रामशी संबंधित वस्तूंचे मी तीन वर्ग करतो. पहिला, प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइली. त्या नव्या आवृत्तीने निःशंक बदलाव्यात. दुसरा, वापरणाऱ्याच्या फाइली : नोंदी व त्याची सेटिंगे, त्यांना इन्स्टॉलरने हात लावू नये. तिसरा वर्ग सरहद्दीवरचा : ज्या फाइली प्रोग्रामबरोबर आल्या पण वापरणाऱ्याने बदलल्या. संक्षेपांची यादी ही अशी. सारे तंटे या तिसऱ्या वर्गात निर्माण होतात.

पहिल्या दोन वर्गांसाठी विंडोजने जागा नेमून दिल्या आहेत. प्रोग्रामच्या फाइली ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, सर्वांच्या सामाईक वस्तू ‘प्रोग्राम डेटा’मध्ये आणि ज्याच्या त्याच्या सेटिंगा त्याच्या ‘ॲप डेटा’ फोल्डरात. ही शिस्त पूर्वी कोणी फारशी पाळत नसे. २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये साध्या परवानगीने लिहिण्यास मज्जाव केला, आणि जे जुने प्रोग्राम तरीही तेथे लिहू पाहात, त्यांपैकी पुष्कळांचे लेखन गुपचूप त्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या एका फोल्डरात वळवले.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. प्रयोगशाळेतील संगणकावर इन्स्टॉलर चालवताना व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो आणि तो प्रयोगशाळा सहायक देतात. त्या क्षणी इन्स्टॉलरच्या दृष्टीने ‘सध्याचा वापरकर्ता’ म्हणजे विद्यार्थी नव्हे, तो व्यवस्थापक होय. इन्स्टॉलरने त्या वेळी व्यक्तिगत सेटिंगे लिहिली तर ती भलत्याच माणसाच्या नावावर जातात. शिवाय त्याच संगणकावर बसणाऱ्या इतर दहा जणांचे काय? यास्तव व्यक्तिगत सेटिंगे निर्माण करण्याचे किंवा नव्या रूपात आणण्याचे काम इन्स्टॉलरने करूच नये. प्रत्येक जण प्रथम प्रोग्राम उघडील तेव्हा प्रोग्रामने ते करावे.

आवृत्ती बदलताना

विंडोज इन्स्टॉलरमध्ये मोठी आवृत्ती बदलणे म्हणजे जुनी काढणे आणि नवी बसवणे. जुनी कोणती हे कळण्यासाठी सर्व आवृत्त्यांना समान असा एक कुलदर्शक संकेत असतो आणि प्रत्येक आवृत्तीला तिचा स्वतंत्र संकेत असतो. आवृत्तीच्या क्रमांकातील पहिले तीनच आकडे ही यंत्रणा जमेस धरते, चौथा पाहात नाही. १.२.३.४ आणि १.२.३.५ या तिला एकच वाटतात. चौथा आकडा वाढवून नवी आवृत्ती दिली तर जुनी जागची हलत नाही.

तिसऱ्या वर्गातील फाइलींसाठी या यंत्रणेने एक नियम ठरवला आहे. ज्या फाइलीवर आवृत्तीचा क्रमांक नाही, म्हणजे साधी मजकुराची फाइल, तिच्या निर्मितीची तारीख आणि शेवटच्या बदलाची तारीख पाहावी. बदल निर्मितीनंतरचा असेल तर वापरणाऱ्याने तिला हात लावला आहे असे समजावे आणि ती बदलू नये. नियम समंजस आहे. परंतु एका ठिकाणी तो फसतो. कोणती फाइल ठेवावयाची याचा हिशेब यंत्रणा आरंभी करते आणि जुनी आवृत्ती काढण्याचे काम त्यानंतर होते. हिशेबात ठरते की, ‘ही फाइल तेथे आहे, वापरणाऱ्याने बदललेली आहे, नवी घालू नये.’ मग जुनी आवृत्ती निघते ती जाता जाता आपली म्हणून तीच फाइल घेऊन जाते. शेवटी जुनीही नाही आणि नवीही नाही! यावर उपाय आहेत : जुनी आवृत्ती अगदी अखेरीस काढावी, अथवा त्या फाइलीवर ‘कायम’ आणि ‘कधीही बदलू नये’ अशा खुणा कराव्यात. मात्र ‘कायम’ ही खूण जुन्या आवृत्तीतच असावी लागते. जो जाणार आहे तो काय नेणार हे त्याच्याच यादीवरून ठरते.

डेबियनची रीत

याच प्रश्नाचे मला सर्वांत विचारपूर्वक वाटलेले उत्तर लिनक्सच्या जगातले आहे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीत तिसऱ्या वर्गातील फाइलींची नावे पॅकेजमध्ये आधीच जाहीर करावी लागतात. प्रत्येक फाइल ज्या रूपात प्रथम दिली त्या रूपाचा एक गणिती ठसा यंत्रणा जपून ठेवते. नवी आवृत्ती आली की ती तीन गोष्टी ताडून पाहते : मूळ दिलेले रूप, आज संगणकावर असलेले रूप आणि नव्या आवृत्तीतले रूप.

वापरणाऱ्याने काही बदलले नसेल आणि नव्या आवृत्तीत बदल असेल, तर नवी फाइल ठेवावी. विचारण्याचे कारण नाही. वापरणाऱ्याने बदल केला असेल आणि नव्या आवृत्तीत काहीच फरक नसेल, तर त्याची फाइल तशीच राहू द्यावी. येथेही विचारू नये. दोघांनीही बदल केला असेल तरच विचारावे, आणि उत्तर न देता नुसती कळ दाबली तर वापरणाऱ्याचीच प्रत राखावी. दोन प्रतींतील फरक दाखवा असेही त्याला म्हणता येते. जी प्रत निवडली नाही तीही वेगळ्या नावाने बाजूला ठेवली जाते. वापरणाऱ्याने फाइल पुसून टाकली असेल, तर ते पुसणेही त्याचा निर्णय मानून ती परत आणली जात नाही. शिवाय काढण्याचे दोन प्रकार आहेत : साधे काढले तर या फाइली मागे राहतात, समूळ काढा असे स्पष्ट सांगितले तरच त्या जातात. डेबियनच्या धोरणातच हे नमूद आहे.

या रीतीचे मर्म असे की, दोन प्रती पाहून भांडण मिटत नाही. तिसरी, म्हणजे मूळ प्रत, साक्षीला लागते. मूळ काय होते हे ठाऊक असेल तरच कोणी काय बदलले ते सांगता येते. पाठचिकित्सेचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

मी कोणती पद्धत स्वीकारली

या विचाराअंती मी सरहद्दीवरचा तिसरा वर्गच शक्य तितका मोडून टाकला. प्रोग्रामबरोबर येणारी संक्षेपांची यादी ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असते व ती कोणालाच बदलता येत नाही. वापरणाऱ्याने केलेले बदल, आणि तेवढेच, त्याच्या ‘ॲप डेटा’ फोल्डरात वेगळ्या फाइलीत राहतात. प्रोग्राम उघडला की मूळ यादी वाचतो, तिच्यावर वापरणाऱ्याचे बदल चढवतो आणि दोन्ही मिळून जी यादी होते ती दाखवतो. नव्या आवृत्तीत दहा संक्षेप वाढले तर ते त्याला आपोआप मिळतात, त्याचे ‘सं.’ मात्र संगमेश्वरच राहते. इन्स्टॉलरला या दुसऱ्या फाइलीचे नावही ठाऊक नाही. जे ठाऊकच नाही ते तो पुसणार कसे?

या फाइलीच्या पहिल्या ओळीत तिच्या घडणीचा क्रमांक आहे. पुढे घडण बदलावी लागली तर नवा प्रोग्राम जुना क्रमांक पाहून प्रथम त्या फाइलीची एक प्रत बाजूला ठेवील आणि मगच तिला नवे रूप देईल. फाइलीचे स्थान आवृत्तीवर अवलंबून नाही, हेही मुद्दाम ठरवले. डॉट नेटच्या अंगभूत सोयीत प्रत्येक आवृत्तीच्या सेटिंगांना वेगळा फोल्डर मिळतो, आणि प्रोग्रामने ‘अपग्रेड’ची आज्ञा दिली नाही तर नवी आवृत्ती कोऱ्या पाटीने सुरू होते, जुनी सेटिंगे शेजारच्या फोल्डरात धूळ खात पडतात. याउलट लिबरऑफिस पाहा. वापरणाऱ्याची सेटिंगे आणि त्याने शुद्धलेखनाच्या कोशात घातलेले शब्द ‘४’ या नावाच्या फोल्डरात असतात. चौथी आवृत्ती २०१३ साली आली. पुढे पाचवी, सहावी, सातवी झाली, २०२४ पासून क्रमांकच वर्षावरून पडू लागला. फोल्डर ‘४’ च राहिला. नाव कालबाह्य दिसते खरे, पण त्यामुळे कोणाचे शब्द हरवले नाहीत.

प्रोग्राम काढताना नोंदी व सेटिंगे मागे राहतात. ती पुसण्याची सोय प्रोग्रामच्या आत स्वतंत्र ठेवली आहे.

शेवटी परीक्षेविषयी. इन्स्टॉलर स्वतःच्या संगणकावर चालला याला काहीच अर्थ नाही, कारण तेथे सर्व पूर्वगरजा आधीच नांदत असतात. त्याची परीक्षा कोऱ्या संगणकावर घ्यावी. पूर्वगरज नसलेल्या जुन्या संगणकावर घ्यावी. जुनी आवृत्ती बसवून, सेटिंगे बदलून, मग नवी घालून घ्यावी. अर्ध्यावर रद्द करून घ्यावी. आणि एकाने बसवून दुसऱ्याने उघडून घ्यावी. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवून त्याची पूर्वस्थिती जपून ठेवता येते, त्यामुळे हे सर्व एकाच टेबलावर करता येते.

समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ एवढाच की, इन्स्टॉलरचे शहाणपण तो किती गोष्टी करतो यात नाही. काय तपासतो आणि कशाला हात लावीत नाही यात आहे. जुन्या पोथीचा चांगला संपादक मूळ पाठ खोडून आपला शब्द तेथे बसवीत नाही. आपले म्हणणे तो तळटीपेत देतो, आणि कोणता शब्द पोथीचा व कोणता आपला ते वाचकाला निःसंदिग्धपणे कळू देतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही हीच मर्यादा पाळावी.

आपणांपैकी बहुतेकांना इन्स्टॉलर लिहावयाचा नाही, तो चालवावयाचा आहे. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : नवी आवृत्ती घालण्यापूर्वी आपण या प्रोग्राममध्ये कोणत्या गोष्टी स्वतः ठरवल्या आहेत ते एकदा कागदावर लिहून ठेवावे, आणि ती घातल्यावर त्या जागच्या जागी आहेत ना हे पडताळून पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे. तेवढ्याने संगमेश्वर संगमेश्वरच राहील.